याडी म्हणजे आई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "ह्या वर्षी तुम्ही बोलायचे." मी म्हटले, बाई, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "सातवीतल्या मुलाची आई आहात ना? मग त्यावरच बोला." तेव्हा मी माझ्या धाकट्याविषयी बोलणार आहे. त्यात माझीही थोडी अब्रू जाणार आहे, पण आपण सगळ्या घरच्याच आहोत असे समजून सांगते.

गेल्या वर्षी तो सहावीत होता. दिवाळीनंतर एके दिवशी त्याचे मास्तर दारात आले. चहाही नको म्हणाले. "तुमच्या मुलामुळे तांड्यावरचे एक पोर आठ दिवस शाळेत आले नाही," एवढेच ते उभ्या उभ्या बोलले. मग हळूहळू सगळे कळले. त्या मुलाची आई तापाने पडली होती. काल का आला नाहीस म्हणून विचारल्यावर तो आपल्या बोलीत म्हणाला, "याडी आजारी आहे." लमाणांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. आमचे चिरंजीव मागच्या बाकावरून ओरडले, "ह्याची आई येडी!" सगळा वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून त्या लेकराचे नावच 'येडीचा' असे पडले.

मी मुलाला धरले. हे शिकलास कुठे, म्हणून विचारले. तो रडत रडत म्हणाला, "तूच म्हणतेस की! कापूस वेचायला त्या बाया येतात, तेव्हा तू आत येऊन हसतेस, येड्यावाणी काय बोलतात म्हणून." भगिनींनो, माझा हात तिथेच थांबला. मी तसे म्हणत होते. त्या बायांना चहा देताना कान तुटलेले कप वेगळे काढत होते, तेही लेकराने पाहिलेले होते. आपल्याला वाटते, मुले अभ्यास करतात, खेळतात, त्यांचे आपल्याकडे लक्ष नसते. पण त्यांचे सगळे लक्ष आपल्या तोंडाकडेच असते.

पाचवी ते आठवीचे वय मोठे नाजूक असते, असे मला वाटते. लहान असतात तोवर कोणाच्याही अंगणात खेळतात, कोणाच्याही ताटात हात घालतात. पुढे दहावी-बारावीत मते घट्ट होऊन बसतात. मधल्या ह्या तीनचार वर्षांत आपले कोण आणि परके कोण हे त्यांना नव्याने कळू लागते, आणि जीभही त्याच वेळी तिखट होते. शेजारच्याची बोली, त्याचे अन्न, त्याचे देव ह्यांच्याशी नीट कसे वागावे हे शिकवायचे तर ह्याच वयात. पुस्तकात धडे असतात. पण माझ्या मुलाला तो धडा तोंडपाठ होता, आणि तरीही तो ओरडला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन तांड्यावर गेले. खरे सांगते, पाय जड झाले होते. त्या बाईने बसायला घोंगडी टाकली. आम्हांला ज्वारीची भाकरी दिली. तिला ते बाटी म्हणतात. मुलाने माफी मागितली, मीही मागितली. ती रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "बाई, शाळेत तर तो जाईल. पण आता तो मला घरात पण 'आई' म्हणतो. कुणी ऐकेल म्हणून भितो. मला ते परक्यावाणी लागतं." ह्यावर मला उत्तर सुचले नाही.

वाटेत मला माझ्या आजोबांची आठवण झाली. माझे माहेर अहमदपूरकडचे. तो मुलूख १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता आणि त्यावर निजामाचे राज्य होते. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून असे. आजोबा घरी मराठी बोलत आणि शाळेत उर्दू. मराठी शब्द तोंडातून निघाला की वर्ग हसे. ते म्हणत, "माय विचारायची, आज काय शिकलास रे? आणि मला ते मराठीत सांगता येत नसे." १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राज्य गेले, आपली भाषा शाळेत आली, त्याचा आपण दरवर्षी उत्सव करतो. पण आपल्या आजोबांना जे सोसावे लागले, तेच तांड्यावरच्या पोराला आपण सोसायला लावतो, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. उर्दूने आपले वाईटच केले असेही नाही. दप्तर, हजेरी, शाई, कागद हे शब्द मुले रोज वापरतात, ते फारशी-अरबीतून आलेले आहेत. बटाटा, पाव आणि चावी पोर्तुगीजांकडून आली. मी मुलाला म्हटले, परक्यांचे शब्द काढून टाकले तर तुझी शाळा दप्तरावाचूनच भरेल. हे त्याला चटकन पटले.

मग आम्ही चारपाच जणींनी ठरवले की मुलांना जवळपास हिंडवून आणायचे. एका रविवारी मास्तरांना बरोबर घेऊन नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात नेले. जाण्यापूर्वी मुलांना सांगितले की डोके झाकायचे, जोडे बाहेर ठेवायचे, आणि लंगरात पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची. पंगतीत कोण कोणाशेजारी बसले आहे हे तिथे कोणी पाहात नाही. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला, एवढे मुलांना ठाऊक होते. पण शिखांच्या ग्रंथसाहिबात आपल्या नरसीच्या नामदेवांची ६१ पदे आहेत हे ऐकून ती थक्क झाली. आणखी एक गोष्ट मास्तरांनी सांगितली. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाला, तेव्हा लखीशाह नावाच्या बंजाऱ्याने त्यांचे धड गुपचूप आपल्या घरी आणले आणि घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केला, असे शीख परंपरा सांगते. तांड्यावरचे ते पोर आमच्याबरोबर आले होते. ते मान वर करून ऐकत होते. माझा मुलगा त्याच्याकडे पाहात होता.

तरीही थोरांच्या गोष्टींनी सगळे भागते असे मला वाटत नाही. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते आणि ते बंजारा समाजाचे होते, हे आमच्या घरात सर्वांना माहीत होते. तुटके कप तरीही निघतच होते.

आमच्या हातून एक चूकही झाली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तांड्यावरच्या मुलींनी आरशांचा फेटिया आणि कांचळी घालून नाचावे असे मीच सुचवले. मला वाटले, केवढा मान दिला! एका मुलीची आजी मला म्हणाली, "बाई, तुमच्या सुना लग्नातला शालू नेसून आमच्या तांड्यावर नाचायला येतील काय?" मला राग आला. घरी येऊन दोन दिवस विचार केला, तेव्हा तिचे म्हणणे बरोबर वाटले. आपण त्यांना बोलावतो ते नाच पाहायला. गणिताचा कार्यक्रम असला तर बोलावत नाही. मी मास्तरांना तो बेत सोडायला सांगितला. त्याच्याऐवजी प्रत्येक मुलाने आपल्या आजीकडून एक गोष्ट ऐकायची, ती तिच्याच बोलीत वहीत लिहायची आणि शेजारच्याला समजावून सांगायची, असे मास्तरांनी ठरवले. मराठी, गोरमाटी, उर्दू, एकीने तर तेलुगू लिहून आणली. अक्षरे सगळ्यांची देवनागरी. शुद्धलेखन तपासायचे कसे, ही मास्तरांची अडचण मात्र अजून सुटलेली नाही.

गोरमाटी लोक आपल्याला 'कोर' म्हणतात, हे त्याच वह्यांतून मला कळले. म्हणजे त्यांच्या लेखी परके आपण! माझ्या मुलाला ह्याची फार गंमत वाटली. दोन दिवस तो स्वतःला कोर म्हणवून घेत हिंडत होता.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, माझ्या माहेरी शेतात कडब्याची कोप करून पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील खायला वाटेल त्याला बोलावतात. कर्नाटकातले कानडी शेतकरीही हा सण करतात. त्या मायलेकरांना मी बोलावले. ती आली, पण येताना आपल्या बाटीची दुरडी घेऊनच आली. "रिकाम्या हातानं कसं यावं?" म्हणाली. त्या दिवशी चहा सर्वांनी एकाच जोडीच्या कपांतून घेतला. हे सांगण्यासारखे आहे का? नसावेच, पण आमच्या घरी ते पहिल्यांदा घडले म्हणून सांगते. दुपारी बांधावरून ते पोर आईला हाक मारत होते. काय म्हणून मारत होते ते मी मुद्दाम ऐकले नाही. विहिरीकडे निघून गेले.

येळवशीच्या आदल्या दिवशी आपल्याच तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे-गाढवांचा बाजार, वाघ्या-मुरळी, गोसावी, किती तऱ्हेचे लोक तिथे पालं ठोकून राहतात! आपण तिथे जातो, जिलबी घेतो आणि परत येतो. ह्या वर्षी मुलांना घेऊन जायचे आहे. प्रत्येकाने पालात राहणाऱ्या एका तरी कुटुंबाशी बोलायचे, पण आधी परवानगी विचारायची आणि न विचारता फोटो काढायचे नाहीत. ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत. एका मुलामागे चार भाकरी जास्त द्याव्यात. बरोबर एक तरी आई हवी. मागच्या खेपेस मी आणि मास्तर दोघेच होतो, आणि पंचवीस पोरे आवरेनात.