आधी बाजार, मग बेत

(सोलापुरातल्या वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



विषय रोजच्या स्वयंपाकाचा आहे म्हटल्यावर काहीजणी वही-पेन घेऊन आलेल्या दिसतात. एखाददुसरी कृती बोलण्याच्या ओघात येईल. पण मला बोलायचंय ते चूल पेटायच्या आधीच्या कामाबद्दल. चांगलं, ताजं आणि परवडणारं जेवण रोज ताटात पडायचं असेल, तर त्याचा निम्मा निकाल बाजारात लागतो.

एक आकडा सांगते. केंद्र सरकारने २०२२-२३ मध्ये घरगुती खर्चाची देशव्यापी पाहणी केली. ग्रामीण कुटुंबांच्या मासिक खर्चात धान्याचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि पेयं, बाहेरचा नाश्ता, पुड्यांतलं तयार खाणं यांचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या वर. शहरांत धान्य साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त आणि तयार खाणं साडेदहा टक्क्यांच्या वर. रेशनमुळे धान्याचा खर्च कमी दिसतो, हे खरंच. तरी धान्याच्या दुप्पट-तिप्पट पैसा पुडीवर आणि बाहेरच्या खाण्यावर जातोय, याचा विचार व्हायला हवा. महागाईवर आपण रोज बोलतो. त्यातली किती महागाई बाजाराने आणली आणि किती आपल्या सवयीने, हे मात्र कधी बसून तपासत नाही.

संध्याकाळी साडेसहाला घरोघरी एकच प्रश्न असतो: आज काय करू? उत्तर सुचलं नाही की बटाटा होतो, नाहीतर फोनवरून काहीतरी मागवलं जातं. याला मी आळस म्हणणार नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला त्या वेळी नवं काही सुचत नसतं. पण बेत आधी ठरवायचा आणि मग त्याचं सामान शोधत फिरायचं, ही जी रीत पडली आहे ती खर्चाची आहे. मे महिन्यात मटार-पनीरचा बेत ठरला की मटार मिळेल त्या भावाने घ्यावा लागतो, आणि तो चवीलाही पिठूळ निघतो. पाककृतींची पुस्तकं आपल्याकडे आहेतच: लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. वाटी-चमच्याच्या मापाने ‘रुचिरा’ने किती नवख्या हातांना धीर दिला, ते इथल्या अनेकींना माहीत आहे. पण कुठलीही पाककृती साहित्याच्या यादीपासून सुरू होते. ती यादी हातात धरून बाजारात जायचं नसतं. बाजारात काय आलंय ते बघून मग पुस्तक उघडायचं.

आता मे आहे. मंगळवार बाजारात काय दिसतं? शेवग्याच्या शेंगा, गवार, कैरी, लाल भोपळा, तांदुळजा, कुठे घोळ, नवी चिंच, आणि कांद्याचे ढीग. म्हणजे आठवड्याचा बेत झालाच की. शेवग्याची आमटी, घोळीची डाळ घालून परतलेली भाजी, भोपळ्याचं भरीत, गवारीची दाण्याचं कूट घालून केलेली भाजी, आणि रोज कैरीचा एखादा प्रकार. यातलं काहीही कठीण नाही आणि बहुतेक पदार्थ अर्ध्या तासात होतात.

बाजारात दोन प्रकारचे विक्रेते असतात, हे नजरेत असू द्या. एक मोठा गाडा किंवा गाळा. तिथला माल मार्केट यार्डातून आलेला, सगळा एका आकाराचा, बारा महिने तोच. दुसरी असते गोणपाट पसरून बसलेली बाई. तिच्यापुढे अंबाडीच्या चार जुड्या, गवारीचे पाच-सहा वाटे, थोडी मिरची आणि फडक्यात बांधलेले हुलगे. एवढंच. तिचा माल तिच्या किंवा शेजारणीच्या रानातला असतो आणि सकाळी काढलेला असतो. तिच्याकडे तराजू असेलच असं नाही, पण भाजीबरोबर ती भाजी कशी करायची हेही ती सांगते. “कवळी हाय बघा ताई, शिरा काढू नका,” हे तिचं वाक्य म्हणजे फुकटची पाककृती.

अंबाडीचंच बघा. सोलापुरात मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही घरांत ती खाल्ली जाते, हे या शहराचं वैभव. पानं खुडून धुवायची, शिजवायची, आंबटपणा जास्त वाटला तर पहिलं पाणी काढून टाकायचं. तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या किंवा तांदळाच्या कण्या वेगळ्या शिजवून त्यात घोटायच्या, मीठ-तिखट घालायचं. एवढ्याने ती भाजी झाली असं कुणी समजू नये. खरी चव शेवटी येते. लोखंडी पळीत तेल कडकडीत तापवून त्यात ठेचलेला लसूण लालसर होईपर्यंत तळायचा, दोन सुक्या मिरच्या टाकायच्या आणि ती फोडणी ताटातल्या भाजीत खळगा करून वरून ओतायची. तेल करडईचं असेल तर उत्तमच. डाळ, पाला, धान्य आणि तेल एकाच भांड्यात आले. घरच्या माणसांना याहून पौष्टिक आणि स्वस्त काय देणार?

निवडायच्या खुणा थोड्या आहेत, पण त्या मुलांना शिकवल्या पाहिजेत. भेंडीचं टोक कट्‌कन मोडलं पाहिजे. वांगं हातात हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बी भरलेलं असतं. दोडका वाकवल्यावर वाकत राहिला तर तो जून. आणि घरी आणलेलं सगळं वापरायचं. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, कोथिंबिरीचे देठ आमटीत, पुरणाच्या डाळीचं पाणी कटाच्या आमटीत. आपल्या आज्या हे करत होत्या तेव्हा कुणी त्याला मोठं नाव दिलं नव्हतं.

आता थोडं जास्त बोलायचं आहे ज्वारीवर, कारण हा जिल्हा तिचा आहे. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. स्थानिक म्हणजे स्वस्त, असं आपण गृहीत धरतो. ज्वारीच्या बाबतीत ते गृहीतक मोडलं आहे. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं होत होतं आणि त्याच वर्षी चांगली ज्वारी गव्हापेक्षा महाग विकली जात होती. गरिबाची भाकरी म्हणून जी ओळखली गेली, ती गरिबालाच परवडेना.

याची कारणं रानात आहेत. रब्बीची ज्वारी अजून बऱ्याच ठिकाणी हातानेच काढतात. भेगाळलेल्या काळ्या जमिनीतून ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. त्या दिवसांत मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. पाणी आलं तिथे ऊस आला, पाणी नाही तिथे हरभरा आणि सोयाबीन. ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत ते कडब्यासाठी तरी ज्वारी पेरत होते. जनावरं गेली तशी तीही गरज गेली. दुसरीकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर ठरवला. २०२३ पासून हे धान्य मोफत झालं. उपाशी पोटाला त्याचा मोठा आधार झाला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लोकांच्या पिशवीत बहुतेक काळ पडले ते गहू आणि तांदूळच. भरडधान्य कायद्यात होतं, दुकानात क्वचित आलं. ज्या जिल्ह्यात ज्वारी पिकते तिथल्या रेशनमध्ये, अंगणवाडीत आणि शाळेच्या आहारात ती नियमाने घेतली गेली, तर शेतकऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल आणि मुलांच्या जिभेला तिची चव लागेल. ही मागणी आपण जाहीरपणे करायला हवी.

भाकरी मागे पडण्याचं दुसरं कारण घरात आहे. ती थापणारे हात कमी झाले. तरुण मुली म्हणतात, “भाकरी जमत नाही, मोडते.” त्यात त्यांचा दोष नाही, कुणी नीट सांगितलेलंच नसतं. गव्हाच्या पिठात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नाही. म्हणून पाणी कढत घ्यावं लागतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरून राहतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, कडेला चिरा पडणारच. दळण आठ-दहा दिवसांचंच आणा, उन्हाळ्यात त्याहून कमी. परातीत एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ घ्या आणि तळहाताच्या टाचेने रेटून रेटून मळा. गोळा मऊ लोण्यासारखा झाला पाहिजे. खाली पीठ पसरून थापताना बोटं कडेने फिरवा, मधे दाब देऊ नका. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. ते पाणी सुकत आलं की उलटा. पूर्ण सुकू दिलं तर भाकरी तडकते. दुसरी बाजू नीट भाजली की मग थेट आचेवर. पापुद्रा टम्म सुटतो आणि सगळं स्वयंपाकघर त्या वासाने भरतं. पहिल्या आठवड्यात मोडतील. मोडलेल्या भाकरीचा दूध किंवा आमटी घालून काला उत्तम होतो, वाया काही जात नाही. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी आपल्याकडच्या बायकांनी भाजलेली कडक भाकरी घ्यावी, ती कित्येक दिवस टिकते. वर उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी आणि दही. खोलीवर राहणाऱ्या विद्यार्थ्याने पाव आणि नूडल्सवर दिवस काढण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. “घरचं खा, ताजं खा” हा उपदेश आजवर बायकांच्याच अंगावर पडत आला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला २९९ मिनिटं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं, आणि मुळात असे पुरुषच फार थोडे. स्वस्त जेवणाचा हिशेब मांडताना हे पाच तास धरले नाहीत, तर तो हिशेब खोटा आहे. माझं व्याख्यान ऐकून कुणी सासरेबुवा सुनेला “उद्यापासून दोन्ही वेळा भाकरी” असं सांगणार असतील, तर त्यांनी आधी स्वतः परात पुढे ओढावी. गवार मोडणं, लसूण सोलणं, भाजी निवडणं ही बसून, बोलत करायची कामं आहेत. घरातल्या प्रत्येकाला येतात. चौघांनी हात लावला तर अर्ध्या तासाच्या वर स्वयंपाक जात नाही. मुलग्यांना बाजारात न्या. दहाव्या वर्षी ज्याला दोडका ओळखता येतो, तो विसाव्या वर्षी परगावी उपाशी राहत नाही.

आणि ज्यांना घरी करणं शक्यच नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या घरचं जेवण असतं. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचं जेवून जगले. त्या बायका सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, आणि स्वयंपाक हा व्यवसाय म्हणून मान्य करायला लावला. गिरण्या आपल्या सोलापुरातही होत्या. आज त्या कामगारांच्या जागी शिकायला आलेली मुलं आहेत, दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेले नातेवाईक आहेत, बांधकामावरचे मजूर आहेत. २६ जानेवारी २०२० ला राज्यात १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. योजना चांगली आहे. तिच्यात सोलापूर जिल्ह्यात भाकरी आणि कोकणात नाचणी का असू नये? जिथलं जेवण तिथलं धान्य, एवढी मुभा दिली तर थाळी अधिक स्वस्तही पडेल.

वर्षाच्या बेगमीबद्दल दोन शब्द, कारण हे दिवस तिचेच आहेत. रब्बीचा कांदा मार्च ते मे निघतो आणि तोच टिकतो. खरिपाचा टिकत नाही, म्हणून पावसाळा सरता सरता भाव चढतात. दोन-तीन घरांनी मिळून आत्ताच एक पोतं घ्यावं, वाऱ्यावर आणि सावलीत पसरून ठेवावं, प्लास्टिकमध्ये बांधू नये. तूर आणि हरभरा रानातून घरात येऊन गेलेत, ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या. सांडगे याच उन्हात घाला. आषाढात भाजीला आग लागते तेव्हा सांडग्याची आमटी, हुलग्याचं माडगं आणि पिठलं यांवर अख्खा महिना निभावतो.

शेवटी एक मागणी, आणि ती या सभेच्या वतीने महापालिकेकडे जावी अशी माझी इच्छा आहे. २०१६ साली राज्याने फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या आणि शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम सुरू झाली. पण गोणपाटवाली बाई अजून रस्त्याच्या कडेलाच बसते. पहाटे रानातून भाजी काढून, एसटीने किंवा टमटमने ती येते, आणि सहा-सात तास उन्हात बसते. वर सावली नाही, जवळ पिण्याचं पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. बाजारात जायचंय म्हणून पाणीच कमी पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. गाडी आली की उठायचं, पुन्हा बसायचं. भाजी उरली तर पडेल त्या भावाने टाकून जायचं. प्रत्येक पेठेत संध्याकाळचे तीन तास एक ठरलेली जागा, पत्र्याचं का होईना छप्पर, नळ, दिवा आणि कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह, एवढं द्या. कामावरून परतणाऱ्या माणसाला वाटेतच ताजी भाजी मिळेल आणि तिला शेवटची एसटी गाठता येईल. निवेदनाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना सही करून जा.