गोष्टीचा आधार : शोकग्रस्त मुले आणि बालसाहित्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत समाजसेवा विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभरात किती रुग्ण बरे होऊन घरी गेले आणि किती शस्त्रक्रिया पार पडल्या, याची नोंद अहवालात असते. सर्व प्रयत्न करूनही जे रुग्ण वाचू शकले नाहीत, त्यांच्या घरातील मुलांची नोंद मात्र कोणत्याच रकान्यात होत नाही. आज आम्ही या मुलांविषयी आणि त्यांना आधार देऊ शकणाऱ्या बालसाहित्याविषयी बोलणार आहोत.

मीरा-भाईंदरमध्ये उत्तन-पालीच्या जुन्या कोळीवाड्यांबरोबरच कोकणातून, गुजरात-राजस्थानातून आणि उत्तर भारतातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. घरात मृत्यू ओढवला की मोठी माणसे कागदपत्रे, नातेवाइकांना निरोप आणि गावी जाण्याची तयारी यांत गुंततात. मुलाला शेजारी बसवले जाते आणि ‘बाबा गावाला गेले’, ‘आजी झोपली आहे’ असे सांगितले जाते. यामागे मायाच असते. परंतु मूल शब्दांचा सरळ अर्थ घेते. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून ते दाराकडे डोळे लावून बसते. झोपलेली आजी पुन्हा उठली नाही, म्हणून ते स्वतः झोपायला घाबरू लागते. आपण हट्ट केला म्हणूनच हे घडले, असा ग्रह करून घेणारी मुलेही आम्हांला भेटतात.

मारिया नागी या संशोधिकेने हंगेरीतील मुलांच्या मृत्यूविषयक कल्पनांचा अभ्यास १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा तात्पुरता वियोग वाटतो, असे त्यांना आढळले. तो कायमचा आहे आणि प्रत्येकालाच येतो, ही समज टप्प्याटप्प्याने येते. ती येत असताना मुलाजवळ कोणीतरी खरे बोलणारे असावे लागते.

इथे गोष्ट उपयोगी पडते. ‘तुला कसे वाटते?’ असे विचारले तर मूल गप्प राहते. गोष्टीतल्या मुलाला काय वाटले असेल, हे मात्र ते सांगू शकते आणि सांगता सांगता स्वतःविषयी बोलू लागते. पुस्तकांच्या अशा उपयोगाला ‘बिब्लिओथेरपी’ हे नाव सॅम्युअल क्रोदर्स यांनी १९१६ मध्ये एका लेखात दिले. आपल्याकडे आजीच्या मांडीवर हे काम त्याआधीपासून चालत आले आहे.

मराठीत अशा पुस्तकांची उणीव नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचे १९८१ मधील जपानी पुस्तक ‘तोत्तोचान’ आपल्याकडे मराठी अनुवादातून घरोघरी पोहोचले आहे. त्यात तोत्तोचान हट्टाने जत्रेतली कोंबडीची पिल्ले घरी आणते आणि ती थोड्याच दिवसांत मरतात. पुढे पोलिओने अधू झालेला तिचा मित्र यासुआकी-चान जातो, तेव्हा त्याने वाचायला दिलेले पुस्तक तिच्याकडेच राहिलेले असते. लेखिका कोठेही उपदेश करीत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलांना हे प्रसंग सहज उमगतात, कारण गेलेल्या माणसाची एखादी वस्तू बहुधा त्यांच्याही जवळ असते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींच्या मातोश्री १९१७ मध्ये निवर्तल्या. गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. मधे पंधराहून अधिक वर्षे लोटली होती. तेराव्या दिवशी शोक संपावा अशी अपेक्षा करणाऱ्या आपण सर्वांनी हे अंतर ध्यानात ठेवावे. शिक्षणासाठी दूर असलेल्या श्यामची आईशी अखेरची भेट होत नाही. पण पुस्तक तिथे थांबत नाही. बेचाळिसाव्या रात्री श्याम आपल्या सोबत्यांसमोर आईचे स्मरण करतो.

ही न झालेली भेट आज आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत कितीतरी मुलांना आई-वडिलांचे अंत्यदर्शनही घडले नाही. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२१ मध्ये घेतला. त्यामुळे पैशाचा काही आधार झाला. निरोप घेता आला नाही, ही खंत मात्र उरली. त्या वेळची लहान मुले आज किशोरवयात आहेत. श्यामचे दुःख त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

आणि ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ विसरून चालणार नाही. गोट्या अनाथ आहे, तरी तो खेळतो, खोड्या करतो. वडील गेल्यावर महिन्याभरात आपण खेळताना हसलो, याची लाज वाटणाऱ्या मुलाला गोट्या फार मोठा दिलासा देतो.

कुटुंबीयांना आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. पुस्तक आधी स्वतः वाचावे. मृत्यूनंतर लगेच ते मुलाच्या हाती देऊ नये. मूल प्रश्न विचारू लागले की जवळ बसून वाचावे. ते उठून गेले तर जाऊ द्यावे, पुन्हा आले तर पुढे वाचावे. तात्पर्य विचारू नये. वाचताना आपला कंठ दाटून आला तर लपवू नये. घरातील श्रद्धेनुसार देवाघरी म्हणा वा जन्नतमध्ये म्हणा, परंतु माणूस मरण पावला आहे आणि यात मुलाचा काही दोष नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

पुस्तक हे औषध नव्हे, हेही आम्ही जाणतो. मूल दीर्घकाळ जेवत-झोपत नसेल, शाळा टाळत असेल किंवा गेलेल्या माणसाकडे जाण्याची भाषा करीत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे आणावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध असतो.

विश्वस्त मंडळ आणि देणगीदारांकडे आमची विनंती मोठी नाही. बालरुग्ण विभागाजवळ पुस्तकांचे एक कपाट असावे. त्यात मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि उर्दू पुस्तके असावीत, कारण आपल्याकडील मुले या भाषांतून रडतात आणि या भाषांतूनच गोष्ट ऐकतात. कपाटाजवळ एक सतरंजी आणि आठवड्यातून दोन दुपारी येऊन वाचून दाखवणारे स्वयंसेवक मिळावेत. सेवानिवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी यासाठी पुढे यावे. त्यांना लागणारे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी आमचा विभाग घेईल.

आपण दिलेल्या यंत्रांमुळे आजवर अनेक आई-वडील मुलांकडे परत गेले. जे परतू शकले नाहीत, त्यांच्या मुलांसाठीही आपल्या रुग्णालयाने काही करावे, एवढीच आमची इच्छा आहे.