अटलांटिकवरील बारावी होडी

चौतीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. भिंतीवर जगाचा नकाशा टांगावयाचा, हातांत छडी घ्यावयाची आणि मुलांना देश, नद्या व पर्वत दाखवावयाचे, हा माझा नित्याचा उद्योग. त्या नकाशांतील अटलांटिक महासागर म्हणजे दोन खंडांमधला एक निळा पट्टा. त्यावर माझी छडी क्षणभरहि थांबत नसे. एके वर्षीं रत्नागिरीकडून आलेला एक मुलगा वर्गांत होता. छडी त्या पट्ट्यावरून सरकली तेव्हां तो सहज म्हणाला, "गुरुजी, माझे पणजोबा तिथं आहेत." सारा वर्ग हंसला. तास संपल्यावर मीं त्याला विचारलें, तेव्हां कळलें कीं त्याचे पणजोबा विलायती आगबोटीवर खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धांत बोट बुडाली आणि घरीं केवळ एक कागद आला. तो कागदहि पुढें गहाळ झाला. बोटीचें नांव घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. त्या दिवसापासून त्या निळ्या पट्ट्याविषयीं मिळेल तें मी वाचूं लागलों. त्यांतलीच एक हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

इंग्लंड हें बेट. धान्य, तेल, लोखंड, लांकूड, सारें समुद्रावरून यावयाचें. तो मार्ग तोडला कीं बेट उपाशी मरेल, हा जर्मनीचा हिशेब होता. त्यावर उपाय म्हणून व्यापारी जहाजें एकेकटीं न पाठवितां काफिल्यानें पाठविण्याची पद्धति पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धांत ती प्रथमपासूनच अमलांत आली. एवढीं जहाजें एकत्र म्हणजे शत्रूला आयतीच मेजवानी, असें आपणांस वाटेल. परंतु समुद्र इतका अफाट आहे कीं पाणबुडीला चाळीस जहाजांचा तांडा हुडकणें हें एक जहाज हुडकण्याइतकेंच कठीण. शिवाय शत्रूला यावयाचें तर संरक्षक युद्धनौकांच्या तोंडींच यावें लागतें. काफिल्याची रचना लांबट नसून रुंद असे. टॉर्पेडो बहुधा बाजूनें यावयाचा. म्हणून बाजू जितकी आंखूड तितकी बरी. दिवे मालवलेले, आणि वारीच्या दिंडीनें जसें थकल्याभागल्या म्हाताऱ्याच्या पावलानें चालावें, तसें सर्वांनीं सर्वांत मंद जहाजाच्या गतीनें चालावयाचें.

१९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला आणि त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचीं बंदरें जर्मन पाणबुड्यांच्या हातीं आलीं. इंग्रजांजवळ संरक्षक नौका थोड्या. त्या काफिल्याला कांहीं अंतर पोहोंचवीत आणि तेथून वळून, येणाऱ्या दुसऱ्या काफिल्याला सामोऱ्या जात. शत्रूनेंहि नवी युक्ति काढली. पाण्याखालची पाणबुडी ध्वनिलहरींच्या यंत्रानें हुडकतां येई. म्हणून ती रात्रीं पाण्यावर येऊनच हल्ला करूं लागली. पाण्यावर तिचा वेग बहुतेक मालवाहू जहाजांहून अधिक, आणि तिची ठेंगणी काळी पाठ अंधारांत दिसावयाची नाहीं.

त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडवर बाँबवर्षावाची छाया पडली होती. मुलांना समुद्रापार कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका येथें सुरक्षित पाठविण्यासाठीं सरकारनें एक मंडळ नेमलें. दोन लाखांहून अधिक मुलांसाठीं अर्ज आले. ऑगस्टअखेर 'व्होलेंडॅम' नांवाच्या बोटीला टॉर्पेडो लागला. तीवर तीनशेंहून अधिक मुलें होतीं, पण सर्व मुलें वांचलीं. म्हणून योजना चालूच राहिली.

१३ सप्टेंबर १९४० रोजीं लिव्हरपूलहून एक काफिला निघाला. त्याच्या अग्रभागीं 'सिटी ऑफ बनारस' ही अकरा हजार टनांची बोट होती. आपल्या काशीचें नांव धारण करणारी ही बोट १९३६ सालीं ग्लासगो येथें बांधलेली. एरवीं ती हिंदुस्थानच्या मार्गावर चाले. या खेपेस ती कॅनडास निघाली होती. तीवर चारशेंवर माणसें होतीं. त्यांपैकीं ९० मुलें या योजनेचीं. पांच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतचीं. खलाशी व खानसामे बहुतेक हिंदी. घरीं मोजून मिळणारें अन्न खाऊन आलेल्या त्या मुलांना येथें हवें तितकें आइस्क्रीम मिळे. डोईला फेटा बांधलेले ते हिंदी नोकर त्यांचे कसे लाड करीत, हें वांचलेल्या मुलांनीं म्हातारपणींहि आठवून आठवून सांगितलें आहे.

१७ तारखेस पहांटे संरक्षक नौका ठरल्याप्रमाणें परतल्या. धोक्याचा टापू संपत आला असें मानून त्या रात्रीं मुलांना रात्रीचे कपडे घालून झोंपण्याची मुभा मिळाली. बाहेर वादळ व गारा. रात्रीं दहाच्या सुमारास यू-४८ या पाणबुडीचा टॉर्पेडो बोटीवर आदळला. बोटीवर मुलें असल्याची कोणतीहि खूण नव्हती. अंधारांत चाललेली एक मोठी बोट, एवढेंच शत्रूला दिसलें. अर्ध्या तासांत 'बनारस' बुडाली. कप्तान व काफिल्याचे मुख्य अधिकारी दोघेहि तिच्याबरोबर गेले. होड्या खालीं सोडतांना कित्येक उलटल्या, कित्येक लाटांनीं काठोकांठ भरल्या. मुलें रात्रीच्या कपड्यांत आणि हिंदी खलाशी पातळ सुती कपड्यांत कमरेइतक्या गार पाण्यांत बसून होते. पहांटेपर्यंत अनेक होड्यांत जिवंतांहून मृतच अधिक झाले. दोन मुली एका उलट्या होडीच्या कण्याला रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीं दुपार होईपर्यंत धरून राहिल्या. त्या वांचल्या. त्यांतली एक पुढें शिक्षिका झाली, हें वाचून मला फार बरें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं 'हरिकेन' ही विनाशिका येऊन पोहोंचली. तिनें १०५ माणसें उचललीं आणि होड्या मोजल्या. हिशेब जमला. पण त्या मोजणींत एक होडी परकी होती. त्याच रात्रीं, त्याच पाणबुडीनें 'मरिना' नांवाचें जहाजहि बुडविलें होतें. त्याची एक होडी 'बनारस'ची म्हणून धरली गेली. 'बनारस'ची बारावी होडी दृष्टीआडच राहिली.

त्या होडींत ४६ माणसें होतीं. सहा मुलगे, त्यांच्यावर देखरेखीसाठीं नेमलेल्या मेरी कॉर्निश नांवाच्या संगीतशिक्षिका, एक धर्मोपदेशक, कांहीं गोरे खलाशी व अधिकारी, आणि ३२ हिंदी खलाशी. होडीचा ताबा रोनाल्ड कूपर या तरुण अधिकाऱ्याकडे होता. त्यानें शीड उभारलें आणि आयर्लंडच्या रोखानें होडी घातली. या होडीस वल्ह्यांऐवजीं मागेंपुढें ढकलावयाचे दांडे होते. ते हालविले कीं पंखा फिरे. पाणी लहानशा मापानें मोजून मिळे. त्याबरोबर कोरडें बिस्किट आणि डब्यांतल्या माशाचा तुकडा. पुढें पुढें घसा इतका कोरडा पडे कीं बिस्किट गिळवत नसे. मुलांसाठीं होडीच्या टोंकाशीं किंतानाचा आडोसा केला होता. कॉर्निशबाई त्यांचे बधिर पाय चोळीत आणि एका धाडसी वीराची गोष्ट रचून सांगत. रोज कांहीं भाग सांगावयाचा आणि ऐन रंगांत थांबावयाचें, म्हणजे पुढें काय झालें तें ऐकण्यासाठीं मुलें दुसरा दिवस काढतील. श्रोतेहो, मी जन्मभर गोष्टी सांगितल्या. पण गोष्टीचें एवढें मोल मला ठाऊक नव्हतें.

आठव्या दिवशीं, २५ सप्टेंबरला, एका मुलाला आकाशांत विमान दिसलें. विमानानें अन्न टाकलें आणि 'अँथनी' या विनाशिकेला वाट दाखविली. सहाहि मुलें जिवंत परतलीं. ज्यांच्या घरीं मृत्यूची बातमी येऊन गेली होती, तीं हीं मुलें. ९० पैकीं एकूण १३ वांचलीं, ७७ गेलीं. एकंदर मृत अडीचशेंच्या वर, त्यांत सुमारे शंभर हिंदी खलाशी. मुलें पाठविण्याची योजना तेथेंच थांबली.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतों. पुढच्याच महिन्यांत एका काफिल्यांतील ३५ पैकीं २० जहाजें पाणबुड्यांच्या टोळीनें बुडविलीं. पारडें फिरलें तें १९४३ च्या मे महिन्यांत. लांब पल्ल्याचीं विमानें, रडार आणि अधिक संरक्षक नौका यांच्यामुळें त्या एका महिन्यांत जर्मनीच्या ४१ पाणबुड्या नष्ट झाल्या. युद्धाअखेर पाणबुड्यांतून गेलेल्या जर्मन तरुणांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश परत आलेच नाहींत. आया तिकडेहि होत्याच.

आतां मनांत राहिलेली गोष्ट बोलतों. बाराव्या होडीची कथा इंग्रजींत अनेकदां लिहिली गेली. कॉर्निशबाईंना पदक मिळालें, आणि तें योग्यच झालें. पण त्या होडींतील दोन-तृतीयांश माणसें आपल्याकडचीं होतीं, आणि बहुतेक कथांतून तीं 'बत्तीस लस्कर' एवढ्या एका शब्दांत येतात व जातात. युद्धाच्या आरंभीं इंग्रज जहाजांवर सुमारें पन्नास हजार हिंदी खलाशी होते. डेकवर कोंकणांतले, खानसाम्यांत गोव्याचे, एंजिनांत पंजाब व सिल्हेटचे. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा अंश. टॉर्पेडो मात्र दोघांना सारखाच. १९३९ मध्यें त्यांनीं पगारवाढीसाठीं संप केले, तेव्हां कित्येकांना तुरुंग पाहावा लागला.

आम्हां मास्तरांचें पहिलें काम म्हणजे हजेरी. नांव पुकारावयाचें आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचें. नुसता आंकडा जमला म्हणजे वर्ग हजर आहे असें होत नाहीं. मोजणी जमली असतांहि शेचाळीस माणसें समुद्रांत राहतात, हें आपण आतांच ऐकलें. त्या युद्धांत गेलेल्या सुमारें सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांचीं नांवें एका वहींत लिहिलेलीं आहेत. तिची एक प्रत चितगांवसाठीं व दुसरी मुंबईच्या खलाशी वसतिगृहासाठीं तयार केली गेली. ही गोष्ट मला फार उशिरां कळली. तोंपर्यंत तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

तो आज कोठें असेल तें मला माहीत नाहीं. ऐकत असेल तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे. बाळ, त्या दिवशीं वर्ग हंसला आणि मीं वर्गाला कांहींच बोललों नाहीं. तें चुकलें. तूं भूगोलाचें बरोबर उत्तर दिलें होतेंस. सवड काढून मुंबईस जा, ती वही मागून पाहा, आणि पणजोबांचें नांव सांपडलें तर तें मोठ्यानें वाच.