खिडक्यांचं काचघर : एका मोटारीच्या जागेचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला दहा मिनिटे दिली आहेत आणि विषयही दिला आहे : पंपहाउसमागचं काचघर. बँकेत उभी नोकरी काढलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे एक कर्जप्रकरण. तेव्हा त्याच पद्धतीनं बोलतो. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि यंदाच्या विषयपत्रिकेवर काचघराची जागा पार्किंगला देण्याचा विषय येणार, हे आपण सगळे जाणतो. आज जेवणाआधी वाद नको. पण मत द्यायच्या आधी माहिती सगळ्यांकडे सारखी असावी.

तीन वर्षांपूर्वी अ आणि ब विंगच्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या. जुन्या झडपा पंपहाउसच्या भिंतीला टेकून पावसाळाभर भिजत होत्या. भंगारवाल्याने लाकडाला जळणाचा भाव दिला, काचेला शून्य. मी झडपा मोजल्या. 41 निघाल्या, त्यांतल्या 7 वाळवीने खाल्लेल्या. उरल्या 34, प्रत्येक दीड फूट बाय चार फूट, बिजागऱ्या आणि कड्या शाबूत. बारा बाय दहा फुटांचं घर धरलं तर परीघ 44 फूट, दाराचे 3 वजा, राहिले 41. दीड फुटाच्या झडपा उभ्या लावल्या तर 27 लागतात. दक्षिण आणि उत्तर या दोन लांब बाजूंना त्यांच्यावर प्रत्येकी 3 आडव्या, म्हणजे आणखी 6. एकूण 33. एक झडप शिल्लक, ती आजही जिन्याखाली आहे. हा हिशेब इतका चपखल बसला की मला रात्री झोप लागली नाही. सौ. म्हणाल्या, ताळेबंद जुळला की तुम्हाला असंच होतं.

खर्च 11,470 रुपये. लोखंडी अँगल, नटबोल्ट, छताच्या कमानींचे पाइप, प्लास्टिकचा कागद, शेडनेट आणि सुतारांची मजुरी. सिंकिंग फंडाला हात लावला नाही, तो मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. एकोणीस सभासदांनी वर्गणी दिली, पावत्या माझ्याकडे आहेत.

आता जाणकार विचारतात की आपल्या अंबाजोगाईत, जिथं एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर पाय ठेववत नाही, तिथं काचेचं घर कशाला? प्रश्न रास्त आहे. काचघर हा थंड मुलखाचा शोध. लंडनमध्ये नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी 1829 च्या सुमारास बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला होता. कोशाऐवजी बाटलीतल्या मातीतून नेचा उगवला आणि पाणी न घालता जगला. पाण्याची वाफ काचेला लागायची, थेंब होऊन परत मातीत यायची. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या केल्या आणि 1833 मध्ये त्यांतून रोपं जहाजानं ऑस्ट्रेलियाला पाठवली. पुढं रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली ती अशाच पेट्यांतून. आपण सकाळी पितो त्या चहाच्या मागं एक काचेची पेटी आहे, बरं का.

पण ते काचघर ऊब साठवण्यासाठी. आपल्याला ऊब साठवायची ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींपुरती, बाकी वर्षभर ती बाहेर काढायची. इथंच जुन्या खिडक्यांचा फायदा. आपण पाहतो काच, पण खिडकी बनवलेली असते उघडण्यासाठी.

शाळेत आपल्याला शिकवलं की काच उष्णतेचे किरण आत घेते आणि बाहेर सोडत नाही. ते खरं, पण अर्धं. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1909 मध्ये दोन पेट्या उन्हात ठेवल्या, एकीवर काच, दुसरीवर सैंधवाचा पारदर्शक तक्ता. सैंधव उष्णतेचे किरण सहज बाहेर सोडतं. तरी दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. म्हणजे मुख्य कारण वेगळं : तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही, म्हणून घर तापतं. मग तिला वरून वाट द्या. आमच्या सहा आडव्या झडपा त्याचसाठी आहेत. मागच्या 14 जानेवारीची माझ्या वहीतली नोंद वाचतो. पहाटे बाहेर 10 अंश, आत 14. दुपारी सगळं बंद असताना बाहेर 29, आत 45. वरच्या झडपा आणि दार उघडल्यावर अर्ध्या तासात आत 33. हे आकडे बाजारातल्या साध्या थर्मामीटरचे आहेत, प्रयोगशाळेचे नव्हेत.

छतावर काच का नाही, हेही सांगतो. आपल्या अक्षांशावर वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मधल्या काळात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. त्या दिवसांत काचेचं छत म्हणजे तवा. सुतारमामांनी एका वाक्यात सांगितलं, "साहेब, काच वर टाकू नका, भाकरी भाजंल तिच्यावर." शिवाय 4 मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला 10 किलो. त्यात माकडं. आणि 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी वर प्लास्टिकचा कागद, मार्चपासून पन्नास टक्के सावलीचं शेडनेट. भिंती मात्र काचेच्या. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन भिंतींतून तिरकं आत येतं. तेव्हा ते हवंच असतं.

जुनी खिडकी वापरायची तर एक खबरदारी. तिचा रंग कोरडा घासायचा नाही. घरगुती ऑइलपेंटमधल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून सक्तीची झाली. आपल्या झडपांचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून पाणी मारून, तोंडाला फडकं बांधून खरवडला, आणि खरवड पिशवीत भरून टाकली. त्या चार दिवसांत एकाही पोराला तिकडं फिरकू दिलं नाही. मग काचांच्या कडेची सुटलेली लांबी काढून नवी भरली.

जमिनीपासून तीन फूट मुद्दाम काच नाही, जाळी आहे. साधी काच फुटली की सुऱ्या होतात, आणि आपल्याकडे क्रिकेट चालतं. गेल्या वर्षी दोन तावदानं फुटली. चेंडू कुणाचा, ते विचारलं नाही. त्या जागी ॲक्रिलिकचे तुकडे बसवले.

उत्पन्नाकडे येतो. मिरची, टोमॅटो आणि वांग्याची रोपं जानेवारीत तयार होतात. बाहेरच्या वाफ्यात थंडीनं मिरचीचं बी मातीत नुसतं बसून राहतं. पण माझा खरा लोभ सीताफळावर. बालाघाटचं सीताफळ आपलं. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीत आपण फळ खातो आणि बी थुंकून टाकतो. त्या बीचं कवच कठीण, थंडीत ते उगवायला फार वेळ घेतं. पहिल्या वर्षी मी शंभर बिया बाहेर आणि शंभर आत पेरल्या. फेब्रुवारीअखेर बाहेर 31 उगवल्या होत्या, आत 68. आजवर 212 रोपं वाटली आहेत. कुंपणालगतची नऊ आपली. आज आत डोकावलंत तर कडुनिंब दिसेल. निंबोळीची उगवणशक्ती काही आठवड्यांत जाते, म्हणून ती जुलैतच पेरावी लागते.

पाण्याचं बोलायला हवं. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आपण टँकरच्या मागं बादल्या घेऊन धावलो. अशा गावात रोपवाटिका करायची तर पाण्याचा हिशेब आधी. हिवाळ्यात काचघर बंद असलं की ट्रेला तिसऱ्या दिवशी पाणी पुरतं, उघड्यावर रोज लागतं. वॉर्डसाहेबांच्या बाटलीतली युक्तीच ती. तेही पाणी बहुतेक आपल्या स्वयंपाकघरांतलं, तांदूळ-भाज्या धुतलेलं. सकाळी सात वाजता क विंगमधल्या आजी ते बादलीनं आणतात. पंचवीस वर्षांत आमचं बोलणं "नमस्कार" इतकंच होतं. आता त्या मिरचीवरून माझ्याशी भांडतात. यजमान गेल्यावर त्या वर्षभर खाली उतरल्या नव्हत्या, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. मी ही बाब हिशेबात कुठं धरायची ते मला बँकेनं शिकवलं नाही.

आता पार्किंग. अडचण खरी आहे. आपण राहायला आलो तेव्हा आवारात चार मोटारी होत्या, आज एकतीस आहेत. काचघराची जागा 120 चौरस फूट. तिथं एक मोटार बसेल, तीही तिरकी. म्हणजे बत्तीसावी. तेहेतिसाव्या मोटारीच्या वेळी पुन्हा सभा. अॅम्ब्युलन्सला वळायला जागा हवी असेल, तर काचघर काढायला पहिला हात माझा वर येईल. पण मी टेपनं मोजलं आहे. अडचण फाटकापाशी आहे, दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमुळं. पंपहाउस त्या वळणापासून लांब आहे. सभेत हा नकाशा सर्वांना दाखवेन, कुणी स्वतः मोजायला आलं तर टेप देईन.

काढायचं ठरलं तरी कुणी जड मन करू नये. सिमेंटमध्ये फक्त आठ खांब आहेत, बाकी सगळं नटबोल्टवर. प्रत्येक झडपेच्या आतल्या कडेला नंबर टाकला आहे. दोन माणसं, दोन दिवस. दुसऱ्या कुणा सोसायटीला किंवा शाळेला हवं असेल तर तसंच्या तसं उभं राहील, ती शिल्लक झडपही द्या.

एकच विनंती. जो ठराव व्हायचा तो सप्टेंबरातच होऊ द्या, पुढच्या सभेवर ढकलू नका. दसऱ्याला घराघरांतून सीताफळाच्या बिया यायला लागतात. त्या कुठं पेरायच्या, हे मला त्याआधी कळलेलं बरं.

किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला आहे. जेवण झाल्यावर ज्यांना पाहायचं असेल त्यांनी यावं, फक्त आत गेल्यावर वरच्या झडपा उघड्याच ठेवाव्यात.