खेळण्यातले चिलखत

ज्येष्ठ अमावास्या आली की धारवाडच्या मुलखात घरोघरी मातीचे बैल येतात. कानडीत या दिवसाला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात. मातीच्या बैलांची अमावास्या असा त्याचा अर्थ. गोठ्यात खरी जोडी उभी असली तरी त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे मान मिळतो तो वीतभर मातीच्या जोडीला. पुढे चार महिन्यांनी दिवाळी येते आणि मराठी घरांच्या अंगणात पुन्हा चिखल कालवला जातो. दगडविटा रचून किल्ला उभा राहतो, उतारावर अळीव पेरले जातात, बुरुजांवर मावळे चढतात. त्या किल्ल्यावरचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याशी चरणारी गाय तोफेहून मोठी असते. पण त्याची तक्रार कोणी करीत नाही. तो किल्ला मापाचा नसतो, मनाचा असतो.

मात्र याच खेळाचे एक वडीलधारे भावंड आहे आणि त्याला मापावाचून चालत नाही. प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे हा तो छंद होय. त्याची एक शाखा तर मोठी नवलाची आहे. शर्यतीच्या सडसडीत मोटारीची प्लॅस्टिकची प्रतिकृती घ्यायची आणि तिच्यावर चिलखत, फिरता बुरूज व बंदुका चढवून कधीच अस्तित्वात नसलेल्या एखाद्या सैन्याची गाडी तयार करायची. घरातील वडील मंडळी हे पाहून म्हणतात, खऱ्या वस्तूची नक्कल करणे एक वेळ समजू शकते. पण जी वस्तू जगात नाही, तिची नक्कल म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय! आक्षेप सरळ आहे आणि त्याचे उत्तर इतिहासाला विचारले पाहिजे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा ब्रिटिश नौदलाच्या विमानदळाची एक तुकडी बेल्जियमच्या सरहद्दीवर साध्या प्रवासी मोटारींतून गस्त घालीत होती. गोळ्यांपासून बचाव व्हावा म्हणून तिने डंकर्क बंदरातील जहाजबांधणीच्या कारखान्याकडून त्या मोटारींवर बॉयलरचे पत्रे ठोकून घेतले. तो प्रकार म्हणजे एक जुगाडच होता. पण त्यातूनच त्या वर्षाच्या अखेरीस रोल्स-रॉइसची चिलखती गाडी आली. जी ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटार धनिकांच्या दारी दिमाखात उभी राहत असे, तिच्याच सांगाड्यावर सुमारे १२ मिलिमीटर जाडीचे पोलाद आणि मशीनगनचा फिरता बुरूज बसविण्यात आला. मागील चाके दुहेरी केली, कमानींचे पाटे भक्कम केले. वजन चार टनांच्या घरात गेले, तरी ती ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावे. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सने याच गाड्या वापरल्या, आणि पुढे हिंदुस्थानसाठी घुमटासारख्या बुरुजाचा तिचा निराळा नमुना निघाला. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात या जातीची गाडी पाहावयास मिळते.

उदाहरण एवढ्यावर संपत नाही. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९५० नंतरच्या दशकात आपल्या ३५६ या स्पोर्ट्स मोटारीचे इंजिन घालून सैन्यासाठी चारही चाकांना जोर देणारी एक उघडी गाडी तयार केली. सैन्याने मात्र दुसऱ्याच कंपनीची गाडी पसंत केली आणि पोर्शेच्या गाड्या शंभरीही गाठू शकल्या नाहीत. इटलीच्या लॅम्बोर्गिनीने १९७७ साली ‘चीता’ नावाची अशीच एक गाडी जगापुढे मांडली. तीही कोणत्याच सैन्यात दाखल झाली नाही. उलट १९४८ साली जग्वार कंपनीच्या ‘एक्स-के १२०’ या देखण्या मोटारीबरोबर जे इंजिन प्रथम लोकांसमोर आले, त्याचाच थोरला अवतार पुढे सुमारे आठ टनांच्या ब्रिटिश ‘स्कॉर्पियन’ रणगाड्यात बसला. मात्र दणकटपणासाठी त्याची शक्ती मुद्दाम कमी करण्यात आली. तात्पर्य, शर्यतीची मोटार आणि रणभूमी यांची सोयरीक काल्पनिक नाही. कारागिराच्या टेबलावर जी गाडी कल्पनेत जन्मते, तशा गाड्या खऱ्या अभियंत्यांनीही कल्पिल्या; काही पार पडल्या, काही अडखळल्या.

त्या का अडखळल्या, हा प्रश्न मनात आला की खेळाचे शिक्षण होते. ‘एक्स-के १२०’ ही गाडी सुमारे ४.४ मीटर लांब. १/२४ या प्रमाणात ती १८ सेंटिमीटरांहून थोडी अधिक भरते आणि १/३५ या प्रमाणात साडेबारा. मोटारींचे संच बहुधा पहिल्या मापात मिळतात, सैनिकांचे व रणगाड्यांचे दुसऱ्या. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक एका मापात ७.३ सेंटिमीटरांचा होतो, तर दुसऱ्यात ५ सेंटिमीटरांचा. दोन्ही एकत्र ठेवले की दिवाळीतल्या मावळ्यासारखी गत होते. फक्त येथे ती क्षम्य नसते. १२ मिलिमीटरचे पोलाद १/२४ मापात नेमके अर्धा मिलिमीटर होते. तेवढ्याच जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा कापावा लागतो. जाड पुठ्ठा लावला तर गाडी चिलखती दिसत नाही, लाकडी पेटी दिसते.

पुढचा हिशेब वजनाचा. १२ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पोलादाचे वजन सुमारे ९४ किलो. गाडीला दहा चौरस मीटर कवच चढविले तरी साडेनऊशे किलोंच्या जवळपास भार वाढतो. आणि मूळ गाडी असते तेराशे किलोंची. मग तिचे बारीक टायर, मऊ कमानी आणि जमिनीला टेकू पाहणारे पोट हा भार कसे सोसणार? इंजिनाला हवा कोठून मिळणार? चालकाने पाहावे कोठून, आणि आग लागली तर बाहेर पडावे कोठून? जो मुलगा या प्रश्नांची उत्तरे देत देत चाके रुंद करतो, पोट उचलतो, जाळी बसवितो आणि टपाला झडप ठेवतो, त्याची गाडी काल्पनिक असली तरी खोटी नसते. कल्पनेला हिशेबाचा लगाम घालणे हीच अभियंत्याची पहिली इयत्ता होय.

हुबळी-धारवाडला हे शिक्षण परके नाही. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या फिटर, लोहार आणि सुतार घडले. धारवाडजवळ टाटांच्या बसगाड्यांचे सांगाडे बांधले जातात. एकाच चासीवर आज एक कवच, उद्या दुसरे, हे तत्त्व या जोडशहरातील कित्येक घरांत रोजच्या भाकरीचे आहे. त्या घरातील मुलाला महागड्या संचावाचूनही आरंभ करता येईल. जुनी खेळण्यातली मोटार, मापपट्टी, पॉलिश पेपर, बंदुकीच्या नळीसाठी रिकामी रिफिल आणि रिव्हेटसाठी गोंदाचे टिपके एवढे भांडवल पुरते. संयम मात्र बाजारात मिळत नाही.

एक आक्षेप याहून गंभीर आहे. मुलांच्या हाती युद्धाची खेळणी द्यावीत काय? याचे उत्तर धारवाडच्याच मातीत आहे. मुले अंगणात जो किल्ला एका दुपारी बांधतात, तसा खरा किल्ला याच गावात होता. १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने त्याला वेढा दिला होता. आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमान खान तग धरून होता. त्या महिन्यांत तटाच्या दोन्ही बाजूंना किती माणसे मेली, हे अळीव पेरलेल्या किल्ल्यावर दिसत नाही. ते सांगावे लागते, आणि सांगण्याचे काम वडिलांचे आहे. खेळणे हिरावून घेतल्याने मूल शांतताप्रिय होत नाही. त्या छोट्या झडपेतून एका माणसाला जीव वाचवून बाहेर यायचे आहे, हे त्याला कळले, तर मात्र चिलखत म्हणजे काय ते त्याला कळते. लोखंडाचा प्रत्येक थर कोणाच्या तरी भीतीतून आलेला असतो, आणि त्याची किंमत वेगाने मोजावी लागते.

मातीचा बैल नांगर ओढत नाही. तरी त्याचे खांदे, वशिंड आणि शिंगे घडविताना शेतकऱ्याचे पोर खऱ्या बैलाकडे निरखून पाहू लागते. काल्पनिक चिलखती गाडीही कोठे जाणार नाही, टेबलावरच राहील. तिच्यावरची धूळ पुसताना तो मुलगा खऱ्या जगाकडे थोड्या अधिक बारकाईने पाहू लागला, तर त्याच्या वेळेचा अपव्यय झाला असे म्हणता येणार नाही.