पडद्यावरची प्रश्नचिन्हं

दिवसभराची कामं उरकून, भात चुलीवर ठेवून तुम्ही रेडिओपाशी बसला असाल. आज बचतीचं आणि कर्जाचं बोलायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण सांगायची गोष्ट नेमकी कर्जापासूनच सुरू होते.

आमच्या ग्रामसंघानं कर्ज काढून भरतकामाचं कम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं. एकदा वापरलेलं, चिनी बनावटीचं. विचार साधा होता. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर बोधचिन्ह लागतं, ते शाळा तालुक्याहून करून आणतात. तेच काम आपल्या गटांनी करावं. दोन शाळांनी होकारही दिला. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, त्याआधी माल द्यायचा. मशीन गावात आलं ते एप्रिल संपता संपता.

या मशीनचं काम असं चालतं. शाळेचं चिन्ह आधी कम्प्युटरवर घ्यायचं. तिथे एका प्रोग्रॅममध्ये त्या चित्राचे टाके पाडायचे. कुठे भरीव टाका, कुठे धावता टाका, कुठला रंग आधी, कुठला नंतर. मग ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मशीनला लावायची. हा टाके पाडायचा प्रोग्रॅम मशीनसोबत मिळाला होता. तो आम्ही ग्रामसंघाच्या कम्प्युटरवर चढवला, हळदकुंकू वाहिलं आणि उघडला.

पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं! वरच्या पट्टीवर प्रश्नचिन्हं, बटणांवर प्रश्नचिन्हं. मधूनच डोक्यावर टोपी घातलेला आय, दोन ठिपके दिलेला ओ, अशी कधी न पाहिलेली अक्षरं. काही म्हणता काही वाचता येईना.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडे चालत होतं, तुमचा कम्प्युटर खराब आहे." कम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "कम्प्युटर चांगला आहे, प्रोग्रॅम खराब आहे. नाहीतर आहे ते सगळं पुसून चिनी विंडोज टाकावी लागेल." त्याचे पैसे त्यानं वेगळे सांगितले. आणि सगळं पुसलं तर गटांचे हिशेब, याद्या, लेबलं कुठे जाणार, हे काही तो सांगेना.

असे तीन आठवडे गेले. मशीनवर चादर घातलेली आणि हप्त्याची तारीख आलेली. पहिला हप्ता आम्हाला गटाच्या बचतीतून भरावा लागला. बैठकीत आवाज चढले. "समन्वयक ताई शिकलेल्या, मग घेताना बघितलं का नाही?" असंही ऐकावं लागलं. खोटं कशाला बोला, बोलणं बरोबरच होतं. मशीन घेताना आम्ही सुया मोजल्या, मोटार फिरवून पाहिली. प्रोग्रॅम मात्र आपल्या कम्प्युटरवर उघडून बघितला नाही.

निम्म्या जणी म्हणाल्या, येईल त्या किमतीला विकून टाका. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशी बोलल्या. त्या सही करायला गटात आल्यावर शिकल्या. त्या म्हणाल्या, "मशीन बिघडलंय, का आपल्याला त्याचं वाचता येत नाही, हे आधी ठरवा. मला साठ वर्षं वाचता येत नव्हतं, म्हणून काय पोथी बिघडली होती?"

त्या एका वाक्यानं विक्री थांबली. आमच्या एका सभासद ताईंची सून एमएस-सीआयटी झालेली आहे. तिनं दोन दिवस मागितले, माहिती काढली आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला समजावून सांगितलं. ते आता तुम्हाला सांगतो.

कम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं समजा. आपण डब्यांवर नावं न लिहिता नुसते आकडे घातले. एक नंबर मीठ, दोन नंबर साखर, तीन नंबर रवा. यादी आपल्या डोक्यात. उद्या जाऊबाई स्वयंपाकाला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या यादीत एक नंबर साखर असेल, तर चहात मीठ पडणार. डबे चांगले, जाऊबाई हुशार, चूक फक्त यादीची.

जुन्या प्रोग्रॅमांमध्ये एका अक्षराला एक खण असायचा आणि खण मिळून २५६. इंग्रजीला आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांना तेवढे पुरले. चिनी अक्षरं हजारो. म्हणून चीनमध्ये एका अक्षराला दोन-दोन आकडे जोडीनं दिले. उदाहरण सांगतो. 'मध्य' या अर्थाचं एक चिनी अक्षर आहे, त्याची जोडी २१४ आणि २०८. चिनी यादी लावलेला कम्प्युटर ही जोडी एकत्र वाचतो आणि ते अक्षर दाखवतो. आपला इंग्रजी यादीचा कम्प्युटर दोन आकडे सुटे वाचतो. त्याच्या यादीत २१४ म्हणजे दोन ठिपक्यांचा ओ आणि २०८ म्हणजे आडवी रेघ मारलेला डी. पडद्यावर तेच येतं. आणि ज्या अक्षराला यादीत जागाच नाही, तिथे तो प्रश्नचिन्ह ठेवून मोकळा होतो.

म्हणजे विकणाराही चुकला आणि कम्प्युटरवालाही. मशीन, प्रोग्रॅम, कम्प्युटर, तिन्ही धड होते. यादी जुळत नव्हती.

ही यादी विंडोजमध्ये बदलता येते आणि त्यासाठी काहीही पुसावं लागत नाही. आम्ही काय केलं ते सांगतो, वही-पेन घ्या. कंट्रोल पॅनेल उघडलं. त्यात क्लॉक अँड रीजन, त्यात रीजन. एक छोटी खिडकी उघडते. तिच्या वरच्या बाजूला अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह असं लिहिलेलं असतं, तिथे गेलो. खाली युनिकोड न कळणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा, असा भाग दिसतो. तिथे चेंज सिस्टम लोकेल हे बटण आहे. ते दाबायच्या आधी तिथे कुठली भाषा लिहिली होती, ती आम्ही इतिवृत्ताच्या वहीत लिहून ठेवली. हे लिहिणं किती उपयोगी पडलं ते पुढे कळेलच. मग यादीतून चिनी निवडलं आणि कम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. याला कम्प्युटरच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड लागतो, तो जवळ ठेवा. त्याच खिडकीत बीटा लिहिलेला एक चौकोन असतो, त्याला आम्ही हात लावला नाही.

यानं विंडोज चिनी होत नाही. बाकी सगळं जसंच्या तसं इंग्रजी राहतं. जुन्या प्रोग्रॅमनं कुठली यादी वाचायची, एवढंच बदलतं.

प्रोग्रॅम उघडला. प्रश्नचिन्हं गेली, सगळीकडे चिनी अक्षरं! टाळ्या पडल्या. मग मोबाइलवर भाषांतराचं अ‍ॅप उघडून कॅमेरा पडद्यावर धरला, तर एकाही बटणाचा अर्थ लागेना. सून पुन्हा यादी बघायला गेली, तेव्हा कळलं की तिथे चिनी एकच नाही. चीनमधली सोपी केलेली लिपी वेगळी, तैवानची पारंपरिक वेगळी आणि दोन्हींच्या आकड्यांच्या याद्याही वेगळ्या. आम्ही तैवानची निवडली होती. चिनी दिसलं म्हणजे बरोबरच असेल, असं आम्ही धरून चाललो होतो! मग 'चायनीज, सिम्प्लिफाइड, चायना' निवडलं, पुन्हा सुरू केलं. आता कॅमेरा धरल्यावर अर्थ लागू लागला. उघडा, जतन करा, टाका, रंग, रद्द करा.

त्याच दिवशी संध्याकाळी दुसरं संकट आलं. आमच्या शेंगदाणा चटणीच्या लेबलाची फाइल त्याच कम्प्युटरवर आहे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये, जुन्या प्रोग्रॅमवर केलेली. ती उघडली तर मराठी गायब आणि जागोजागी चिनी अक्षरं. चटणीवाल्या गटाच्या ताई रडवेल्या झाल्या. "तुमच्या मशीनपायी आमचं लेबल गेलं," म्हणाल्या.

लेबल गेलेलं नव्हतं. जुने मराठी फॉन्ट म्हणजे सोंग असतं. आत आकडे इंग्रजी यादीतलेच, वरून त्यांना मराठी अक्षराचा मुखवटा. यादी चिनी केली तशी त्या आकड्यांचीही जोडी लागली आणि मुखवटा पडला. आम्ही काहीही जतन न करता फाइल बंद केली. वहीत लिहिलेली जुनी भाषा पुन्हा निवडली, कम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि लेबल जसंच्या तसं परत आलं. वहीतली ती एक ओळ नसती तर आम्ही कुठे शोधत बसलो असतो?

पण रोज यादी इकडची तिकडे करत बसणं काही खरं नव्हतं. म्हणून लेबल आम्ही युनिकोडमध्ये नव्यानं टाइप केलं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांसाठी केलेली एकच मोठी यादी. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीसाठी १२८ खण राखून ठेवले आहेत. आपल्या 'क'चा आकडा २३२५ आणि आपल्या 'ळ'चा २३५५. हे आकडे दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत. म्हणून कम्प्युटरची जुनी यादी इंग्रजी असो की चिनी, युनिकोडवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'ळ' हा 'ळ'च राहतो. सगळं लेबल टाइप करायला एक दुपार लागली. आता यादी कुठलीही लावा, चटणी मराठीच बोलते.

शेवट गोड झाला असं म्हणू, पण पूर्ण गोड नाही. एका शाळेला मेअखेर नमुना हवा होता, तो आम्ही देऊ शकलो नाही. त्यांनी काम तालुक्यालाच दिलं. दुसऱ्या शाळेची बोधचिन्हं शाळा उघडायच्या दोन दिवस आधी पोहोचवली. त्या पैशातून पुढचा हप्ता गेला. बचतीतून उचललेली रक्कम अजून पूर्ण परत भरायची आहे, ती भरू.

प्रोग्रॅम आजही चिनीच आहे. त्याच्या प्रत्येक बटणाचं चित्र आणि शेजारी मराठी अर्थ, असा तक्ता करून आम्ही भिंतीवर लावला आहे. ज्या मावशींनी विक्री थांबवली, त्या तक्ता बघून बरोबर बटण सांगतात. अक्षर त्यांना आमच्याइतकंच येत नाही, पण खूण पाठ आहे.

आता मैत्रिणींनो, तुमच्या गटात मशीन येईल, वजनकाटा येईल, लेबल छापायचं यंत्र येईल. त्यासोबतचा प्रोग्रॅम कुठल्या देशाचा असेल सांगता येत नाही. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. पैसे द्यायच्या आधी प्रोग्रॅम आपल्या कम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. इंग्रजीत किंवा हिंदीत मिळतो का तेही विचारा आणि ठरलेलं कागदावर घ्या.

दुसरी. पडद्यावर काय दिसतं ते नीट बघा. भलतीच अक्षरं दिसली तर बहुधा यादी चुकली आहे. रिकामे चौकोन दिसले तर बहुधा त्या लिपीचा फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हं दिसली तर जपा. अशी फाइल जतन केली, तर अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हच कायमचं बसू शकतं. न जतन करता बंद करा.

तिसरी. अशा जुन्या परदेशी प्रोग्रॅमच्या फाइलींना आणि फोल्डरना साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे वापरून नावं द्या. मराठी नाव दिलेली आमची फाइल त्याला उघडताच आली नाही. चिनी यादीतही आपली देवनागरी नाही.

चौथी. काहीही बदलण्याआधी जे आहे ते वहीत लिहा, तारखेसह. आणि आपलं मराठी काम युनिकोडमध्येच करा.

आणि कुणी तोंडावर सांगितलं की कम्प्युटर खराब आहे, सगळं पुसावं लागेल, तर लगेच मान हलवू नका. आमच्या मावशींचा प्रश्न विचारा. बिघडलंय, का वाचता येत नाही? वाचता येत नसेल तर शिकता येतं. गटात येऊन आपण तेच तर केलं.

भात उतरवा आता. पुन्हा भेटू. नमस्कार.