महापालिकेचा मक्ता आणि नगरसेवक

गटारांपासून दिवाबत्तीपर्यंतचा सारा कारभार ज्या सभागृहाच्या मंजुरीवर चालतो, तेथील सभासदानेच त्या कामाचा मक्ता घेतला, तर देणारा व घेणारा एकच होतो, आणि दराची घासाघीस नागरिकांच्या वतीने करणारा कोणी उरत नाही. म्हणूनच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 याच्या कलम 10 अन्वये, महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणारी व्यक्ती नगरसेवकपदास अपात्र ठरते. मुंबईच्या 1888 च्या कायद्यातही असाच निर्बंध आहे. रस्त्याच्या खडीचा मक्ता भागीदाराच्या नावे असला, करारनाम्यावर नगरसेवकाची सही नसली, तरी त्यात त्याचा हिस्सा असेल तर त्याची सुटका नाही. मात्र नोंदणीकृत कंपनीचे भाग जवळ बाळगणे, किंवा महापालिकेच्या जाहिराती छापणाऱ्या वृत्तपत्राशी संबंध असणे, एवढ्यानेच अपात्रता येत नाही.

हितसंबंधांवर नजर ठेवायची, तर मालमत्ताही जाहीर व्हावी लागते. महापालिकेचे आयुक्त बहुधा भारतीय प्रशासकीय सेवेतील असतात, आणि 1968 च्या वर्तणूक नियमांनुसार त्यांना स्थावर मालमत्तेचे विवरण दरवर्षी सरकारात दाखल करावे लागते. निवडणुकीच्या उमेदवारास मात्र मालमत्ता व कर्जे यांचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत द्यावे लागते. निवडणुकीपूर्वीचे हे प्रतिज्ञापत्र अपुरे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण कंत्राटांचे खरे व्यवहार निवडून आल्यानंतर होतात. तरीही जे उपलब्ध आहे त्याची उपेक्षा करू नये; आपल्या प्रभागातील उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र मतदानापूर्वी प्रत्येकाने अवश्य वाचावे.